दातांची कीड आणि मनातली भीती

पहिली-दुसरीच्या वर्गात मुलांचा फोटो काढायचा म्हटला की दोन-तीन मुले तरी तोंडावर हात धरून हसतात. हात बाजूला करायला सांगितला तर पुढचे दात काळे, अर्धे झिजलेले. डब्यातली भाकरी एकाच बाजूने चावणारे मूल, मधल्या सुट्टीत गाल धरून कोपऱ्यात बसलेले मूल, रात्री झोप न झाल्याने फळ्याकडे पाहता पाहता पेंगणारे मूल, ही सगळी आम्ही रोज पाहतो. आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. रत्नागिरी जिल्ह्यात एकजण उर्दू शाळेत शिकवतो, एकजण मराठी शाळेत. शाळा वेगवेगळ्या असल्या तरी पालकांचे उत्तर दोन्हीकडे एकच मिळते: "दुधाचे दात आहेत, पडणारच की!"

हे उत्तर अर्धेच खरे आहे. दुधाचे दात एकूण २०. त्यांतले पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, पण दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. पाच वर्षांच्या मुलाची दाढ किडली आणि आपण ती पडायची वाट पाहत बसलो, तर त्या मुलाने पुढची पाच वर्षे तशाच दाढेने घास चावायचा. दुधाच्या दाताचे कवच पक्क्या दातापेक्षा पातळ असते, त्यामुळे कीड लवकर आतल्या नसेपर्यंत पोचते. दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेकडे सरकतात आणि खालून येणारा पक्का दात वाकडा येतो. आणखी एक गोष्ट पुष्कळ घरांत ठाऊक नसते. सहाव्या वर्षी सर्वांत मागे जी दाढ येते ती कोणताही दात न पडता येते, म्हणून लोक तिलाही दुधाचीच समजतात. ती पक्की असते आणि जन्मभर वापरायची असते.

हे आज लिहायचे कारण आमच्याच घरातले आहे. आमचा धाकटा भाऊ कुवेतला नोकरीला आहे. त्याची बायको आणि मुलगी आमच्यासोबत राहतात. मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती. रमजानचे दिवस होते. सहरीसाठी घर जागे झाले तेव्हा ती आधीच जागी होती आणि उशीत गाल दाबून रडत होती. सकाळपर्यंत उजवा गाल सुजला आणि अंगात ताप आला. तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेले, तर खुर्ची पाहताच तिने तोंड घट्ट मिटले. डॉक्टर म्हणाले, "दोघांनी हातपाय धरा, पाच मिनिटांचे काम आहे." बाहेर रांग लागलेली, त्यांचीही अडचण होती. पण आम्ही धरले नाही. सूज आणि ताप यांवरचे औषध लिहून घेतले आणि परत आलो. औषधाने सूज उतरली. मात्र दाढेच्या आत जी घाण साचली होती ती तिथेच होती. औषध जंतूंना तेवढ्यापुरते मागे हटवते, किडलेला दात दुरुस्त करत नाही.

हातपाय का धरले नाहीत, असे घरात विचारले गेले. याचे उत्तर आम्हांला वर्गाने शिकवले आहे. ज्या मुलाला गणिताच्या तासाला एकदा कोणी सर्वांसमोर उभे करून रडवले, ते मूल पुढे वर्षानुवर्षे गणिताला घाबरते. त्याला बेरीज येत नाही असे नसते. बेरीज दिसली की त्याला तो दिवस आठवतो. दाताच्या खुर्चीचेही असेच आहे. लहानपणी जबरदस्ती सोसलेली कित्येक माणसे मोठेपणी असह्य ठणका लागल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाहीत, आणि तोवर दात काढण्याखेरीज काही उरलेले नसते.

ही भीती मूल जन्मताना सोबत घेऊन येत नाही. ती आपण देतो. "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचेल," हे वाक्य आपल्या घरांत दिवसातून किती वेळा उच्चारले जाते! बस्तीत उच्चारले जाते, शाळेच्या व्हरांड्यात उच्चारले जाते. मोठी माणसे आपल्या दात काढण्याच्या कहाण्या मुलांसमोर रंगवून सांगतात. मग त्याच डॉक्टरकडे न्यायची वेळ आली की आपण म्हणतो, "घाबरू नकोस, काही होणार नाही." मुलाने कोणत्या वाक्यावर भरोसा ठेवायचा?

ईद झाल्यावर आम्ही तिला रत्नागिरीत मुलांच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. दोष कोणाचा, बाटलीचा की बिस्किटांचा, हा विषय त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. "आता पुढे काय करायचे ते बोलू," म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी तिच्या तोंडात एकही हत्यार घातले नाही. तिच्या हातातल्या बाहुलीचे दात मोजले, मग तिच्या अम्मीचे मोजले, मग आरसा तिच्याच हातात दिला. पाण्याचा फवारा आधी तिच्या नखावर उडवून दाखवला. आधी सांगायचे, मग दाखवायचे, मग करायचे, अशी ही रीत. अ‍ॅडलस्टन नावाच्या दंतवैद्याने १९५९ साली ती मांडली आणि आजही मुलांच्या दातांचे शिक्षण घेणाऱ्यांना ती पहिल्यांदा शिकवतात. बी.एड.ला आम्ही जे शिकलो, की ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, तेच हे.

दुसऱ्या खेपेला तिने तोंड उघडले. वीसपैकी आठ दात किडलेले निघाले. वरचवर कीड असलेल्या तीन दातांना त्यांनी एक औषध लावले, सिल्व्हर डायअमाईन फ्लोराईड. बारीक ब्रशने थेंबभर लावायचे. यात सुई नाही, यंत्र नाही, दुखणे नाही. ते कीड थांबवते, पण किडलेली जागा कायमची काळी होते. त्यांतला एक दात पुढचा होता. दादी म्हणाली, "पोरीच्या तोंडावर काळा डाग?" डॉक्टरीणबाईंनी सांगितले की हा दात दोन वर्षांत पडेल, तोवर तो दुखणार नाही एवढे पाहायचे. दादीला पटायला दोन दिवस लागले.

दोन दाढांना स्टीलच्या टोप्या बसवायच्या होत्या. कीड फार खोल नसेल तर दाढ न कोरता, सुई न देता वरून टोपी बसवण्याची एक पद्धत आहे. स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्याच्या नावाने ती ओळखली जाते. आत कोंडलेल्या जंतूंना खाद्य मिळत नाही आणि कीड पुढे सरकत नाही. पण उरलेल्या तीन दाढांची गोष्ट वेगळी होती. दोघींची आतली नस साफ करायची होती आणि सुजलेली तिसरी काढायचीच होती. तिथे सुई लागणार, वेळ लागणार. साडेचार वर्षांचे मूल तेवढा वेळ तोंड उघडून बसेल ही अपेक्षाच चुकीची.

मग गुंगीचा विषय निघाला. हा शब्द ऐकताच घर गप्प झाले. वाचकांपैकी कित्येकांच्या घरी असेच होईल, म्हणून आम्हांला जे समजावले गेले ते सविस्तर सांगतो.

गुंगी म्हणजे एकच प्रकार नाही, तिच्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी नाकावर ठेवायच्या छोट्या मास्कमधून दिल्या जाणाऱ्या वायूची. नायट्रस ऑक्साईड ऑक्सिजनमध्ये मिसळून देतात. मूल जागे असते, बोलते, सांगितलेले ऐकते, फक्त मन सैल होते. शेवटी काही मिनिटे नुसता ऑक्सिजन दिला की अंमल उतरतो. हा वायू नवा नाही. १८४४ साली अमेरिकेतल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने तो स्वतः घेऊन आपलीच दाढ काढून घेतली होती. भुलेच्या इतिहासात दंतवैद्यांचा वाटा मोठा आहे.

दुसरी पायरी पिण्याच्या औषधाची. मिडाझोलामसारखे औषध मुलाच्या वजनाप्रमाणे मोजून देतात. मूल पेंगते, त्याला नंतर फारसे आठवत नाही. काही मुले मात्र शांत होण्याऐवजी उलट चिडतात. औषधाची मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावू शकतो, म्हणून हे औषध जिथे श्वास व ऑक्सिजन पाहणारे यंत्र आणि शिकलेला माणूस हजर असेल तिथेच द्यायचे. "घरून थोडे झोपेचे औषध पाजून आणा," असे कोणी सांगितले तर तिथून निघून यावे. खोकल्याचे किंवा सर्दीचे औषध पेंग येते म्हणून पाजणे हेही तितकेच घातक.

तिसरी पायरी पूर्ण भुलेची. शस्त्रक्रियागृहात, भूलतज्ज्ञाच्या हाताखाली, मूल पूर्ण झोपलेले असताना सगळे दात एका बैठकीत दुरुस्त करतात.

आमच्या मुलीला वायू देऊन पाहिला. तिचे नाक नेहमी चोंदलेले, आणि वायू नाकानेच घ्यावा लागतो. दोन वेळा मास्क काढून फेकला. तीन खोल दाढा, कमी वय आणि एकदा येऊन गेलेली सूज पाहून डॉक्टरीणबाईंनी पूर्ण भुलेचा सल्ला दिला आणि मुंबईच्या एका दंत महाविद्यालयाच्या नावे चिठ्ठी लिहिली.

त्या रात्री कुवेतहून व्हिडिओ कॉल आला. भाऊ म्हणाला, "दातासाठी कोणी मुलाला बेशुद्ध करते का? मी सुट्टीला येईन तेव्हा बघू." सुट्टीला आठ महिने होते. दादी एवढेच म्हणाली, "पोरगी उठलीच नाही तर?" मुलीच्या अम्मीच्या डोळ्यांत पाणी आले. तिच्याही मनात तेच होते, पण रात्र रात्र मुलीला मांडीवर घेऊन बसलेलीही तीच होती. या प्रश्नांना "अल्लाहवर भरोसा ठेवा" एवढेच उत्तर देऊन भागणार नव्हते. उंट बांधून मग भरोसा ठेवावा ही शिकवण आपल्याला आहेच. म्हणून मुंबईला तपासणीसाठी गेलो तेव्हा हे सगळे प्रश्न कागदावर लिहून नेले आणि भूलतज्ज्ञांपुढे ठेवले.

त्यांनी धोका नाही असे म्हटले नाही, आणि त्यामुळेच आम्हांला धीर आला. निरोगी मुलात मोठा धोका क्वचित असतो, पण असतो, म्हणून एक माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त मुलाच्या श्वासावर लक्ष ठेवतो, असे ते म्हणाले. बोटाला लावलेला चिमटा रक्तातला ऑक्सिजन दाखवतो, दुसरे यंत्र बाहेर पडणारा श्वास मोजते. मेंदूवर परिणाम होतो का, हेही विचारले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा तीन तासांपेक्षा जास्त वेळ भूल देण्याबाबत सावध केले आहे. आमची मुलगी तीन वर्षांची झालेली होती आणि भूल एकदाच द्यायची होती. मग त्यांनी उलट विचारले, "थांबण्याचा धोका तुम्ही मोजलात का?" दाढेची सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे उतरली तर मूल रात्रीतून अत्यवस्थ होऊ शकते. शिवाय रोजचा ठणका, अपुरी झोप, अर्धपोटी राहणे हे तर चालूच होते. तिचे वजन वर्षभर पंधरा किलोवरच अडले होते.

हे सगळे आम्ही भावाला जसेच्या तसे सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तारीख घ्या."

तारीख मिळायला काही आठवडे लागले. आदल्या रात्री मुंब्र्याला नातेवाइकांकडे राहिलो. भुलेच्या सहा तास आधीपासून खाणे आणि दूध बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत, असा नियम होता. पोटात काही असेल तर भुलेत ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते. दादी पहाटे दुधाचा पेला घेऊन उभी राहिली. "एक घोट घेतल्याने काय होते?" काय होते ते समजावल्यावर तिने तो पेला स्वतःच ओतून टाकला. मुलीने विचारले, "माझा रोजा आहे का?" तिची अम्मी म्हणाली, "छोटा रोजा."

तिला आम्ही खरे तेच सांगितले. हाताला बारीक सुई लागेल, मुंगी चावल्यासारखे वाटेल. मग झोप येईल. झोपेत डॉक्टर दात नीट करतील, तेव्हा दुखणार नाही. उठशील तेव्हा तोंड जड वाटेल, एक दात गेलेला असेल, आणि अम्मी शेजारी असेल. तिने तीनदा विचारले, आम्ही तीनदा तेच सांगितले.

अडीच तासांनी तिला बाहेर आणले. जागी होताना ती खूप रडली, कोणाला ओळखत नव्हती, हातपाय झाडत होती. असे अर्धा तास होऊ शकते हे भूलतज्ज्ञांनी आधीच सांगितले होते, नाहीतर दादीचे काय झाले असते कोण जाणे. मग ती शांत झाली. पाणी प्यायली. संध्याकाळी पातळ खिचडी खाल्ली आणि त्या रात्री सलग झोपली. पुष्कळ महिन्यांनी घरातल्या सगळ्यांनीच सलग झोप घेतली, अल्हम्दुलिल्लाह.

पण खरे काम यानंतरचे. भुलेने भोके बुजतात, किडीचे कारण जात नाही. अशा उपचारानंतर घरातल्या सवयी तशाच राहिल्या तर नवे दात पुन्हा किडतात, हे डॉक्टरांना नेहमी पाहावे लागते. जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. दर खाण्यानंतर दातांना सावरायला वेळ लागतो, म्हणून दिवसात किती साखर खाल्ली याइतकेच किती वेळा खाल्ली हेही पाहावे लागते. चहासोबत नानकटाई, दुपारी चॉकलेट, संध्याकाळी शरबत, झोपताना दुधाची बाटली, असे चालले तर दातांना सावरायला सवडच मिळत नाही. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचे गोड सर्वांत वाईट. आमच्या घरी गोड बंद झाले नाही. ईदचा शीरखुर्मा आहे, सिपारा पूर्ण झाल्याची मिठाईही आहे. फक्त ते जेवणासोबत खायचे, दिवसभर चघळायचे नाही. गोड औषध घेतले तरी चूळ भरायची. दात घासून झाले की पाण्याशिवाय काही नाही.

घासणे दोन वेळा, आणि रात्रीचे तर चुकवायचेच नाही. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी आणि नंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. तिच्यात फ्लोराईड किमान १००० पीपीएम असावे, ते पाकिटावर छापलेले असते. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्या माणसाने फिरवायचा. मिसवाक आपल्याकडे सुन्नत म्हणून प्रिय आहे आणि तोंडाच्या सफाईचे किती महत्त्व आहे ते तिने आपल्याला शिकवले. वुजूच्या वेळी चूळ भरताना मुलांना तोंड नीट खळखळून धुवायला शिकवावे. त्याच्या जोडीला फ्लोराईडची पेस्ट असली की मुलांच्या दातांचे रक्षण होते.

भीतीचेही तसेच. ती एका भुलेने गेली नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला दर तीन महिन्यांनी बोलावले, कधी नुसते दात मोजायला, कधी फ्लोराईडचा लेप लावायला. सहाव्या वर्षी तिची पहिली पक्की दाढ आली. तिच्या खाचा बुजवायच्या होत्या. त्या दिवशी ती खुर्चीवर स्वतः चढली आणि म्हणाली, "आधी नखावर दाखवा."

शाळेतही आम्ही थोडे बदलले. सुईची धमकी आमच्या दोन्ही शाळांत आता कोणी देत नाही. खिचडी खाल्ल्यावर सगळा वर्ग नळावर जाऊन चूळ भरतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्यांच्या तपासणीत दातांचे आजारही आहेत. गाल धरून बसणाऱ्या मुलांची नावे आम्ही त्यांच्यासाठी आधीच लिहून ठेवतो. खर्चाची फिकीर असणाऱ्या पालकांना सांगतो की मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत आणि दंत महाविद्यालयांत मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो.

तुमच्या मुलाला गुंगी किंवा भूल सुचवली गेली तर लाजू नका आणि घाईही करू नका. याहून सोपा मार्ग आहे का, औषध कोण देणार, श्वासावर लक्ष कोण ठेवणार, कोणती यंत्रे हजर आहेत, किती तास उपाशी ठेवायचे, घरी कधी सोडणार आणि घरी गेल्यावर कशाकडे पाहायचे, एवढे विचारा. मुलाला दमा असेल, घोरण्याचा त्रास असेल, सर्दी-ताप असेल, कोणते औषध चालू असेल तर न विचारता सांगा. सुई देऊन बधीर केलेला ओठ मूल चावून जखमी करते, तेव्हा दोन-तीन तास त्याच्याकडे लक्ष असू द्या. आणि आजपासून एक तरी करा: डॉक्टरच्या नावाने मुलाला घाबरवणे सोडा, आणि दवाखान्यात नेताना त्याला जे होणार आहे तेच सांगा.